मजुरी, कर आणि महागाई

(साक्षरता वर्गाच्या समारोपाला एका निवृत्त मुख्याध्यापकांनी केलेले भाषण)



आज तुमच्या वर्गाचा शेवटचा दिवस. तुम्ही आता स्वतःचे नाव लिहिता. एस. टी. ची पाटी वाचता. दुकानातली पावती वाचता. मला चार शब्द सांगायला बोलावले आहे. मी काही विद्वान नव्हे. मॅट्रिक झालो, मास्तर झालो, आणि मुख्याध्यापक होऊन निवृत्त झालो. तेव्हा मोठे शब्द माझ्यापाशी नाहीत. रोजच्या जगण्यातलीच गोष्ट सांगतो.

परवा मी पारावर बसलो होतो. तिथे वाद चालला होता. एक मजूर बाई म्हणाली, "मजुरी वाढली पाहिजे. एवढ्यात भागत न्हाई." लगेच एक बागाईतदार म्हणाले, "मजुरी वाढवली तर शेती परवडायची नाही. आधी आमच्या मालाला भाव द्या." दुकानदार म्हणाला, "अहो, सगळे घोडे कराशी अडले आहे. कर कमी करा, माल स्वस्त होईल." एक तरुण कारकून म्हणाला, "कर तर माझ्या पगारातून आधीच कापतात. वर महागाई. मी काय करू?"

चौघेही तावातावाने बोलत होते. चौघांचे चेहरे पाहून मला वाटले, यातला एकही खोटे बोलत नाही. पण प्रत्येकजण आपलेच टोक धरून ओढतो आहे. दोर मात्र एकच आहे.

बघा ना. मजुराची मजुरी हा शेतकऱ्याचा खर्च. शेतकऱ्याचा भाव हा मजुराचा खर्च. कारकुनाचा कर हा कुणाच्या तरी रस्त्याचा, दवाखान्याचा, मजुरीचा पैसा. एक टोक ओढले की दुसरे हलते. म्हणून हा वाद नुसत्या आवाजाने सुटत नाही. हिशेबाने सुटतो. आणि हिशेब करायला वाचता यावे लागते.

आधी मजुरीचे पाहू.

मजुरी किती, असे विचारले तर आपण रुपये सांगतो. पण रुपये खाता येत नाहीत. मजुरी किती रुपये, यापेक्षा मजुरीत किती धान्य येते, हे महत्त्वाचे. समजा, एका वर्षी रोजची मजुरी तीन रुपये आहे आणि ज्वारी एक रुपया किलो आहे. मग दिवसाच्या मजुरीत तीन किलो ज्वारी आली. पुढच्या वर्षी मजुरी चार रुपये झाली. सगळे म्हणाले, वा! मजुरी वाढली. पण त्याच वर्षी ज्वारी दोन रुपये किलो झाली. आता चार रुपयांत किती ज्वारी येईल? दोनच किलो. म्हणजे रुपया वाढला आणि भाकरी कमी झाली.

म्हणून ध्यानात ठेवा. कुणी म्हणाले, "आम्ही मजुरी एवढी वाढवली," तर लगेच टाळी वाजवू नये. विचारावे, "भाव किती वाढले?" आणि कुणी म्हणाले, "मजुरी फार वाढली हो," तर त्यालाही हेच विचारावे.

आता भाव का वाढतात ते पाहू. यासाठी तुम्हांला थोडे मागे नेतो. १९७२ साली नेतो. तुमच्यात जे वडीलधारे आहेत, त्यांना तो दुष्काळ आठवत असेल.

मी तेव्हा चौथीत होतो. आमचे गाव माणदेशातले. पाऊस तिकडे नेहमीच कमी. पण त्या साली तो आलाच नाही म्हणा ना. विहिरी आटल्या. जनावरे कवडीमोलाने विकली. घरात दाणा नाही. मग सरकारने दुष्काळी कामे काढली. रस्ते, पाझर तलाव, नालाबांध. माणसे उन्हात खडी फोडत. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात अशा कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. कामावर सुकडी मिळे. रेशनवर परदेशातली तांबडी मिलो ज्वारी मिळे. तिची भाकरी आम्हा पोरांच्या घशाखाली उतरत नसे. पण तीच खाऊन आम्ही जगलो.

हा झाला दुष्काळ. पण तेवढ्यानेच महागाई झाली नाही. त्याआधी १९७१ साली युद्ध झाले होते. पूर्वेकडून सुमारे एक कोटी निर्वासित आपल्या देशात आले होते. त्यांना पोसायचे होते. युद्धाचाही खर्च होता. मग १९७२ चा दुष्काळ. आणि १९७३ च्या शेवटी अरब देशांनी खनिज तेलाचा भाव चढवला. थोड्याच महिन्यांत तो जवळजवळ चौपट झाला. तेल महागले की ट्रक महागतो. ट्रक महागला की त्यातला माल महागतो. १९७४ साली देशात भाव वर्षाला शेकडा वीसपेक्षाही जास्त वाढत होते. म्हणजे शंभराची वस्तू वर्षात एकशेवीसच्या पुढे गेली. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच.

म्हणजे महागाईची कारणे किती झाली, मोजा. माल कमी पिकला. आणण्याचा खर्च वाढला. सरकारचा खर्च जमेपेक्षा जास्त झाला आणि बाजारात पैसा वाढला. आणि चौथे कारण, काही व्यापाऱ्यांनी माल दडवून ठेवला. चारही कारणे खरी होती. पण सभेत बोलणारा एकच कारण सांगे. सरकारचा माणूस पावसाला दोष देई. विरोधक सरकारला दोष देई. व्यापारी कराला दोष देई. आजही असेच असते. एकच कारण सांगणारा बहुधा अर्धेच सांगतो.

सरकारने १९७३ साली गव्हाचा घाऊक व्यापार स्वतःच्या हाती घेतला. हेतू चांगला होता. पण गहू सरकारकडे पुरेसा आलाच नाही. पुढच्याच वर्षी ते धोरण सोडून द्यावे लागले. नुसता हेतू चांगला असून भागत नाही, हे त्यातून दिसले.

त्या दिवसांत मुंबईच्या बायांनी एक मोठी गोष्ट केली. वेगवेगळ्या पक्षांच्या बाया एकत्र आल्या. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते, तारा रेड्डी या त्यांच्या पुढारी. १९७२ साली त्यांनी महागाईविरुद्ध समिती काढली. हातात लाटणे घ्यायचे, थाळी वाजवायची आणि मोर्चा न्यायचा. लोक त्याला लाटणे मोर्चा म्हणू लागले. त्यांची मागणी काय होती? धान्य, तेल, साखर, रॉकेल योग्य भावात मिळावे. भाषण करायला न येणारी बाईही त्या मोर्चात होती. कारण चुलीपुढचा हिशेब तिच्याइतका कुणालाच ठाऊक नसतो. ज्याचे जळते त्याला कळते.

आता पगाराचा वाद.

कारखान्यातल्या व सरकारी नोकरांना महागाई भत्ता मिळतो. भाव वाढले की भत्ता वाढतो. भाव किती वाढले हे ठरवायला सरकार एक आकडा काढते. त्याला निर्देशांक म्हणतात. म्हणजे काय? एका घराला लागणारे धान्य, तेल, कापड, जळण, औषध अशा वस्तूंची एक यादी करायची. त्या सगळ्या वस्तूंना ठरवलेल्या वर्षी जो खर्च आला तो शंभर धरायचा. आज तोच माल घ्यायला किती खर्च येतो ते पाहायचे. एकशेवीस आला तर महागाई शेकडा वीस. एवढेच. यात भिण्यासारखे काही नाही.

१९७४ साली केंद्र सरकारने एक कायदा केला. पगारदारांना वाढीव महागाई भत्त्याचा अर्धाच भाग हाती मिळेल. उरलेला अर्धा सक्तीने ठेव म्हणून ठेवायचा. पुढे तो हप्त्याने, व्याजासह परत द्यायचा. यावर देशभर वाद झाला.

सरकारची बाजू अशी. बाजारात माल थोडा आहे. सगळ्यांच्या हाती जादा पैसा दिला तर तो त्याच थोड्या मालामागे धावेल. भाव आणखी चढतील. मग पुन्हा भत्ता, पुन्हा भाव. हे चक्र कुठेतरी थांबवले पाहिजे.

कामगारांची बाजू अशी. भाव आधी वाढतात, भत्ता मागून येतो. म्हणजे आम्ही महागाई करीत नाही. महागाईने पडलेले भोक आम्ही बुजवतो. आमचे पोट अर्धे ठेवून तुम्ही भाव कसे उतरवणार? साठेवाल्याला आधी धरा.

त्याच वर्षी मे महिन्यात रेल्वे कामगारांचा मोठा संप झाला. जॉर्ज फर्नांडिस त्याचे पुढारी होते. सुमारे वीस दिवस संप चालला. हजारो कामगार तुरुंगात गेले. संप मोडला. पण पगाराचा प्रश्न किती जड आहे, हे देशाला कळले.

आता मला सांगा, या दोन्ही बाजूंत कोण आले नाही? आपण आलो नाही! शेतमजुराला भत्ता कुठला? त्याचा अर्धा कापणार तरी काय? नोकरदाराचा पगार महागाईच्या मागे मागे तरी चालतो. शेतमजुराची मजुरी कधी कधी बसूनच राहते. पाऊस नसला तर मजुरीच नाही. गव्हाचा भाव एक रुपया असला काय आणि दोन असला काय, हातात काम नाही त्याला दोन्ही सारखेच.

येथे कराची गोष्ट येते.

कर दोन तऱ्हांचे. एक दिसणारा आणि एक न दिसणारा. घरपट्टी, पाणीपट्टी, शेतसारा, प्राप्तिकर हे दिसणारे. आपण पावती घेतो. न दिसणारा कर वस्तूच्या किमतीत मिसळलेला असतो. साबणाची वडी, खाण्याचे तेल, ट्रॅक्टरचे डिझेल, यांत कर आहे. १ जुलै २०१७ पासून देशात बहुतेक वस्तूंवर वस्तू व सेवा कर लागू झाला. डिझेल त्यात आले नाही. त्याचे कर निराळे. तेव्हा "गरीब माणूस कर भरत नाही," असे कुणी म्हणाले तर ते खरे मानू नका. भिकारीसुद्धा साबण घेतो तेव्हा कर भरतो.

पण कर म्हणजे वाईटच का? नाही. आणि कर नुसता चढा ठेवला म्हणजे चांगला का? तेही नाही. १९७३-७४ साली सर्वात श्रीमंतांच्या सर्वात वरच्या उत्पन्नावर अधिभार धरून शंभरात जवळजवळ ९८ रुपये प्राप्तिकर होता. शंभर कमवा, दोन ठेवा! मग लोक काय करीत? उत्पन्न लपवीत. सरकारनेच नेमलेल्या वांछू समितीने हे सांगितले होते. पुढच्या वर्षी तो दर ७७ रुपयांवर आणला. कागदावर मोठा कर लिहिला म्हणजे तिजोरीत मोठी रक्कम येतेच असे नाही.

आता चांगल्या कराची गोष्ट ऐका. ती आपल्या महाराष्ट्रातली आहे.

सांगली जिल्ह्यात तासगाव तालुक्यात विसापूर नावाचे गाव आहे. तिथले वि. स. पागे हे विधान परिषदेचे सभापती होते. गावातल्या धडधाकट माणसाने काम मागितले तर त्याला काम मिळालेच पाहिजे, असा त्यांचा विचार. १९६५ च्या सुमारास त्यांनी विसापुरात तो करून पाहिला. दुष्काळाच्या काळात, १९७२ साली, तो विचार राज्याने उचलला. हीच रोजगार हमी योजना.

पण पैसा कुठून आणायचा? दुष्काळ सरला तरी हमी चालू ठेवायची होती. तेव्हा १९७५ साली राज्याने व्यवसाय कर बसवला. शहरातला पगारदार, वकील, डॉक्टर, व्यापारी यांनी तो भरायचा. अशा करांतून जेवढे जमेल तेवढीच भर सरकारने आपल्या तिजोरीतून घालायची. आणि त्यातून खेड्यातल्या माणसाला काम द्यायचे. १९७७ साली विधिमंडळाने त्याचा कायदा एकमताने केला. २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. काम मागून पंधरा दिवसांत दिले नाही तर बेकारी भत्ता द्यायचा, असेही त्यात होते. तो सुरुवातीला दिवसाला एक रुपया होता. रक्कम लहान, पण अर्थ मोठा. काम ही मेहेरबानी राहिली नाही. हक्क झाला.

याला विरोध झाला नाही असे नाही. शहरातला कारकून म्हणे, "महागाईत मीच पिचलो आहे, वर हा कर कशाला?" काही बागाईतदार म्हणत, "मजूर सरकारी कामावर गेले तर आमच्या रानात कोण येणार?" पारावर मी परवा जे ऐकले, तेच की हे! पुढे मी मास्तर झालो. माझ्याही पगारातून व्यवसाय कर कापला जाई. खरे सांगतो, महिनाअखेरीला मलाही तो टोचे. पण मग खडी फोडणारी आई डोळ्यांपुढे येई आणि माझी कुरकुर थांबे.

तरी या गोष्टीलाही दुसरी बाजू आहे. ती लपवणार नाही. १९८८ साली राज्यातले शेतीचे किमान वेतन दुप्पट केले. रोजगार हमीची मजुरीही त्याबरोबर वाढली. फार चांगले झाले. पण त्यानंतर योजनेवर मिळणारे कामाचे दिवस घटले. दर वाढला, पण तिजोरीतला पैसा त्या मानाने वाढला नाही. मग कामेच कमी निघाली. तेव्हा मजुरी मागताना नुसता दर मागून भागत नाही. वर्षाला दिवस किती, हेही मागावे लागते. दर गुणिले दिवस, तेव्हा वर्षाची कमाई. हा गुणाकार तुम्हांला आता येतो.

पुढे २००५ साली संसदेने साऱ्या देशासाठी ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला. त्यामागे महाराष्ट्राचा अनुभव होता. कायदे पुढेही बदलतात, नावे बदलतात. पण विसापुरात निघालेला प्रश्न तोच राहतो. काम मागणाऱ्या हाताला काम मिळाले का?

आता शेवटी एक घरची गोष्ट सांगतो. ती सांगण्यासाठीच खरे तर मी उठलो.

त्या दुष्काळात माझी आई कामावर जाई. पंधरा दिवसांनी पगार होई. एकदा तिने मला बरोबर नेले. मुकादमाने हजेरीपट पुढे केला. आईने अंगठा उठवला. मी पोरसवदा. नुकताच वाचायला लागलेलो. मी डोकावून वाचले. आईच्या नावापुढे नऊ दिवस मांडले होते. ती बारा दिवस गेली होती. मी मोठ्याने म्हणालो, "आई, नऊच लिवलंय." मुकादम म्हणाला, "अंगठा दिलाय न्हवं? मग झालं."

तीन दिवसांची मजुरी गेली. ती परत मिळाली नाही. तीन दिवसांची मजुरी म्हणजे आमच्या घरची किती भाकरी, हे आता तुम्हीच काढा.

आई घरी येऊन रडली नाही. तिने चुलीतला कोळसा घेतला. त्या दिवसापासून कामाला गेली की भिंतीवर एक रेघ ओढी. आणि रात्री मला म्हणे, "बाबा, मला एकतीसपतोर आकडे शिकव." मी शिकवले. पुढच्या पगाराला मुकादमाने हजेरीपट पुढे केला तेव्हा तिने हात पदरातच ठेवला. म्हणाली, "आदी वाचू द्या. मग अंगठा." त्या वेळी दिवस बरोबर भरले होते. पुढेही बरोबर भरत गेले. तिच्या मागच्या बायाही मग आधी दिवस विचारू लागल्या.

मंडळी, महागाईवर, मजुरीवर, करावर पुष्कळ भाषणे तुम्ही ऐकाल. निवडणुकीत तर फारच. बोलणारे चांगलेही असतील. पण तुम्ही चार प्रश्न विचारा.

एक : मजुरी किती रुपये वाढली, आणि तेवढ्यात धान्य किती येते?

दोन : वर्षात कामाचे दिवस किती मिळणार?

तीन : कर कमी करणार म्हणता, तर मग कोणता खर्च कमी करणार? खर्च वाढवणार म्हणता, तर पैसा कुणाकडून आणणार?

चार : जमा किती झाले आणि खर्च कुठे झाले, हे कुठे लिहून ठेवले आहे? आम्हांला वाचायचे आहे.

हे चार प्रश्न ग्रामसभेतही विचारता येतात. ग्रामपंचायतीचा जमाखर्च पाहण्याचा आपल्याला हक्क आहे. २००५ सालच्या माहितीच्या अधिकाराने तर लेखी अर्ज करून कागद मागता येतात. आता अर्ज लिहायला दुसऱ्याच्या दारी जायला नको.

आणि घरीही एक वही करा. एका पानावर आलेली मजुरी लिहा. समोरच्या पानावर ज्वारी, तेल, साखर, साबण यांचे भाव महिन्याच्या महिन्याला लिहा. वर्षाने दोन्ही पाने शेजारी ठेवून पाहा. कुणाचे भाषण खरे ते ती वहीच सांगेल. मग पारावर वाद करा. जरूर करा. पण वही घेऊन करा. मजूर बाईने बागाईतदाराची वही पाहावी, बागाईतदाराने तिची पाहावी. भांडण थोडे कमी होईल आणि वाट लवकर सापडेल.

तुमचा अंगठा आता सुटला. आता सही आली. तेव्हा माझ्या आईचे एवढे शब्द घेऊन जा. हजेरीपट असो, कर्जाचा कागद असो, की कुणी दिलेला जाहीरनामा असो : आधी वाचा, मग सही.